पाठिंबा आहे, व्हीप नाही: आघाडीच्या कामाच्या नोंदी

१० ऑगस्ट २०२५

आज कार्यकारिणी बसली. नगरपरिषदेत गेली काही वर्षं प्रशासक आहे. नगरसेवक नाहीत, सर्वसाधारण सभा नाही. काही विचारायचं तर मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसून राहायचं. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे रोजी स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितल्यापासून सगळ्या पक्षांत हालचाल सुरू झाली आणि आपण काय करणार, हा प्रश्न आमच्यापुढेही येऊन ठेपला.

आमचा पक्ष लहान. राज्य निवडणूक आयोगाकडे नोंदलेला, पण मान्यताप्राप्त नसलेला, एका शहरापुरता. सगळे त्याला आघाडीच म्हणतात. वर्षाचे हिशेब आणि विवरणपत्रं वेळेवर जातात ती मुख्याध्यापक सरांमुळे. २०१६ मध्ये कागदपत्रं न दिल्याबद्दल आयोगाने १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली होती. तेव्हापासून मार्च उजाडला की सर खजिनदारांच्या मागे लागतात.

दोन तास चर्चा झाली आणि ठरलं ते असं: यंदा आघाडी स्वतःचे उमेदवार देणार नाही. ज्या प्रभागातले लोक एकत्र बसून आपल्यातला माणूस निवडतील, त्या माणसाच्या मागे आघाडी उभी राहील. तो अपक्ष म्हणूनच लढेल. अर्ज, मतदार यादी, खर्चाचा हिशेब, बूथवरची माणसं हे सगळं आघाडी बघेल.

दोघांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, मग पक्ष कशाला ठेवायचा? मेहनत आपण करायची आणि निवडून आलेला माणूस उद्या कुणाच्याही गाडीत बसून जाणार. या प्रश्नाला आज कुणाकडेच पक्कं उत्तर नव्हतं. कायदा वाचून येण्याचं काम वकीलदादांकडे दिलं.

२४ ऑगस्ट

वकीलदादांनी महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ आणला होता. पक्षांतरबंदी म्हटली की आमदार-खासदारच डोळ्यांपुढे येतात, पण नगरसेवकांसाठी महाराष्ट्राचा हा वेगळा कायदा आहे आणि त्यात पक्षाबरोबर 'आघाडी'चाही, म्हणजे निवडणुकीसाठी एकत्र आलेल्या गटाचाही, उल्लेख आहे.

जे समजलं ते इथे नीट लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आघाडीने एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचं पत्र, दिला तर तो माणूस आघाडीचा उमेदवार. निवडून आल्यावर आघाडीचा व्हीप, म्हणजे सभेत कसं मत द्यायचं याचा आदेश, त्याला लागू. व्हीपविरुद्ध मत दिलं किंवा तटस्थ राहिला आणि आघाडीने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर तो अपात्र ठरू शकतो. नगरपरिषदेच्या सदस्यांबाबत हा निर्णय जिल्हाधिकारी देतात.

एबी फॉर्म दिला नाही तर तो अपक्ष. त्याच्यावर कुणाचाच व्हीप नाही. पण अपक्षालाही कायद्याने मोकळं रान दिलेलं नाही: निवडून आल्यानंतर त्याने एखाद्या पक्षात किंवा आघाडीत प्रवेश केला, तर तोही अपात्र. म्हणजे "कुणाच्याही गाडीत बसून जाईल" ही भीती अर्धी तरी कायद्यानेच मिटवली आहे. अपक्ष म्हणून मतं मागितली असतील तर अपक्षच राहायचं.

याला एक दार मात्र ठेवलेलं आहे. निकालाची अधिसूचना निघाल्यापासून महिन्याभराच्या आत निवडून आलेले सदस्य एकत्र येऊन आघाडी नोंदवू शकतात आणि ती निवडणुकीआधीची असल्यासारखीच धरली जाते. विषय समित्यांवरच्या जागा आणि स्वीकृत (निवडणुकीशिवाय नेमले जाणारे) सदस्य संख्याबळावर ठरतात, त्यासाठी ही सोय आहे. एकदा नोंद झाली की व्हीपही आला.

वकीलदादा म्हणाले, "त्या एका महिन्यातच सगळी ओढाताण होते. तुम्ही तयारी आजपासून करा." मला हे फार पटलं. आजवर आम्ही प्रत्येक निवडणुकीचा विचार मतदानाच्या दिवसापर्यंतच करत आलो.

१४ सप्टेंबर

दुसऱ्यांनी काय केलं ते वाचायचं ठरलं होतं. प्रत्येकाने एकेक ठिकाण घेतलं.

इंग्लंडमधल्या फ्रोम या छोट्या शहरात २०११ साली अपक्षांच्या गटाने टाऊन कौन्सिलच्या १७ पैकी १० जागा जिंकल्या, २०१५ मध्ये सगळ्या १७. त्यांनी सामाईक जाहीरनामा काढलाच नाही. एकमेकांशी कसं वागायचं, वाद कसा घालायचा, निर्णय कसा घ्यायचा, एवढंच आधी ठरवलं. मत ज्याचं त्याने द्यायचं.

ऑस्ट्रेलियात इंडाय नावाच्या मतदारसंघात २०१२ पासून लोकांनी घराघरांत, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बैठका घेतल्या, गाऱ्हाणी लिहून काढली आणि मग उमेदवार शोधला. कॅथी मॅकगोवन २०१३ मध्ये ४३९ मतांनी निवडून आल्या. पाच लाख नाही, पाच हजार नाही, ४३९. मतदार यादीवर काम करायला कंटाळा येईल तेव्हा हा आकडा आठवायचा.

जवळची उदाहरणं दोन. मुंबईत जुहूला २००७ मध्ये नागरिकांनी एकमताने उभे केलेले अडॉल्फ डिसोझा महापालिकेत निवडून गेले. आणि केरळात किळक्कंबलम ग्रामपंचायतीत २०१५ साली ट्वेंटी-ट्वेंटी या स्थानिक गटाने १९ पैकी १७ जागा जिंकल्या. पण तिथे मागे एका मोठ्या कंपनीचं बळ होतं. सर म्हणाले, पैसा एका खिशातून आला की उमेदवार लोकांनी निवडला असं म्हणता येत नाही. यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि एक नियम लगेच लिहिला गेला: कुठल्याही एका देणगीदाराकडून मोठी रक्कम घ्यायची नाही, नगरपरिषदेच्या ठेकेदाराकडून एक रुपयाही नाही.

८ ऑक्टोबर

सदस्यांच्या आरक्षणाची सोडत आज निघाली. आमच्याकडे प्रभाग दोन सदस्यांचे. म्हणजे मतदाराला तीन मतं द्यायची: 'अ' जागा, 'ब' जागा आणि थेट नगराध्यक्ष.

आम्ही ज्यांत काम करतो आहोत त्यांपैकी प्रभाग ४ ची 'अ' जागा नागरिकांच्या मागास प्रवर्गातील महिलेसाठी, प्रभाग ७ ची 'ब' सर्वसाधारण. प्रभाग २ मध्ये तरुण मुलांनी ज्याच्याभोवती तयारी केली होती, त्याची जागा महिलांसाठी गेली. मुलं हिरमुसली. संध्याकाळी त्यांना भेटून आले. निम्म्या जागा महिलांच्या आहेत हे २०११ पासून माहीत आहे, तरी प्रत्येक प्रभागात बायकांची बैठक वेगळी आणि आधी घ्यायला हवी, हे आज पुन्हा बजावून सांगितलं.

प्रारूप मतदार यादीही आजच प्रसिद्ध झाली.

१६ ऑक्टोबर

यादीचं काम संपत नाही. ज्याने ते केलं नाही त्याला त्याचं महत्त्व सांगून कळत नाही.

ही यादी म्हणजे विधानसभेचीच यादी, १ जुलै २०२५ या तारखेची, प्रभागांप्रमाणे फोडलेली. राज्य आयोगाला तिच्यात नवं नाव घालता येत नाही की जुनं काढता येत नाही. आपण हरकत घेऊ शकतो ती नाव चुकीच्या प्रभागात गेल्याची, विधानसभेच्या यादीत असूनही इथे सुटल्याची, नाहीतर लेखनिकाच्या चुकीची. प्रभाग ७ मधली नाल्यापलीकडची अख्खी गल्ली प्रभाग ८ मध्ये दाखवली होती. अंगणवाडीच्या ताईंनी घर क्रमांक घालून हाताने नकाशा काढला, त्यावर कुटुंबांची नावं टाकली आणि तो हरकतीला जोडला. असा कागद समोर ठेवला की कर्मचाऱ्यांनाही पडताळणी सोपी जाते.

संभाव्य दुबार नावांपुढे यंदा दोन तारे आहेत. अशा मतदाराने आपण कुठल्या केंद्रावर मत देणार ते लिहून द्यायचं. तारा पाहून काही म्हातारी माणसं घाबरली आहेत, नाव कापलं गेलं असं त्यांना वाटतं. घरी जाऊन समजावणं चालू आहे. हेच आघाडीचं खरं काम आहे असं मला मनापासून वाटतं. उमेदवार कोण हे ठरायच्या आधीच हे झालं पाहिजे.

२६ ऑक्टोबर

भाऊबीज आटोपली, लोक परत आले. प्रभाग ७ ची बैठक मारुती मंदिराच्या सभामंडपात.

रीत अशी ठेवली होती: आधी प्रश्न, मग माणूस. प्रत्येक गल्लीने आपले प्रश्न कागदावर लिहून आणायचे. इच्छुकांनी भाषण करायचं नाही, प्रश्नांना उत्तरं द्यायची.

इच्छुक चौघे होते. त्यांतले अण्णा पाणीपुरवठ्यातले निवृत्त फिटर. वरच्या आळीतल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्याकडे पाणी चढत नाही, ते तू नगरसेवक होऊन चढणार आहे का?" अण्णांनी पिशवीतून जुनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. त्याच्या पाठीमागे त्यांनी पेन्सिलीने प्रभागातली पाइपलाइन काढलेली होती, प्रत्येक व्हॉल्व्हवर गोल आणि बाजूला तो किती वाजता उघडतात ते. दोन गोल लाल होते. ते म्हणाले, "आजी, हे दोन व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडतात. खालच्या आळीचं पाणी आधी भरतं आणि दाब संपतो. अर्ध्या तासाचं अंतर ठेवलं तर तुमच्याकडे चढेल. यासाठी नगरसेवक लागत नाही, पण गेली चार वर्षं हे ऐकून घ्यायला सभागृह नव्हतं." मग कॅलेंडर हातोहात फिरलं. लोक आपापलं घर शोधत होते.

चिठ्ठीने कौल घेतला, अण्णांना मोठं मताधिक्य. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी तिथेच त्यांचं काम करायचा शब्द दिला. तिसरे उठून गेले. त्यांना एका मोठ्या पक्षाचं तिकीट मिळेल असं दिसतं.

गावात ग्रामसभा असते. शहरात माणसाला असं बसायला हक्काची जागाच नाही. क्षेत्रसभेची तरतूद २००९ साली आपल्या कायद्यात आली, पण आमच्या शहरात ती कागदावरच आहे. आजची बैठक बेकायदा नव्हती आणि कायद्याने भरवलेलीही नव्हती. तरी दोनशेवर माणूस शेवटपर्यंत बसला.

२ नोव्हेंबर

हमीपत्राचा मसुदा पक्का झाला. उमेदवाराने ते आघाडीला द्यायचं नाही, प्रभागाला द्यायचं, बैठकीत वाचून, सही करून. या एका मुद्द्यावर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. कार्यकारिणीतल्या काहींना आघाडीच्या नावे राजीनाम्याचं कोरं पत्र घेऊन ठेवायचं होतं. मी, सर आणि वकीलदादा विरोधात होतो. कोरं पत्र म्हणजे व्हीपच, फक्त कायद्याचा आधार नसलेला. तसलं पत्र तिजोरीत ठेवायचं आणि बाहेर लोकांना "हा तुमचा माणूस" म्हणून सांगायचं, हे मला सहन होणार नाही असं मी स्पष्ट बोलले. शेवटी मतदान झालं आणि कोऱ्या पत्राची सूचना पडली.

हमीपत्रात आता एवढंच आहे. सर्वसाधारण सभेची नोटीस कायद्याने सात दिवस आधी मिळते, त्या सात दिवसांत अजेंडा प्रभागात वाचून दाखवायचा. सभेत कुठल्या विषयावर काय मत दिलं ते नंतर फळ्यावर लावायचं. स्वतः किंवा घरच्यांच्या नावावर नगरपरिषदेचा ठेका घ्यायचा नाही. आणि निकालानंतर कुठल्या गटात जायचं की नाही, हे प्रभागाची बैठक घेऊनच ठरवायचं.

मत काय द्यायचं हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

४ नोव्हेंबर

कार्यक्रम जाहीर झाला. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती. अर्ज १० ते १७ नोव्हेंबर, छाननी १८ ला, मतदान २ डिसेंबर, मोजणी ३ ला. आचारसंहिता आजपासून.

आमची नगरपरिषद 'क' वर्ग. सदस्यपदासाठी खर्चाची मर्यादा २ लाख ५० हजार, अध्यक्षपदासाठी ७ लाख ५० हजार. नगराध्यक्षपदाला आम्ही कुणालाच पाठिंबा देणार नाही. अख्ख्या शहराने एकत्र बसून निवडावं अशी जागाच आमच्याकडे नाही, आणि कार्यकारिणीने बंद खोलीत नाव ठरवलं तर आम्हीही इतरांसारखेच.

१७ नोव्हेंबर

शेवटचा दिवस. आयोगाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, छापून काढायचा, सह्या करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे द्यायचा. संकेतस्थळ दुपारी अडकत होतं, म्हणून आम्ही पहाटे बसलो.

आमच्या चारही उमेदवारांचे अर्ज दाखल झाले. प्रभाग ४ मध्ये लोकांनी नर्सताईंना निवडलं आहे. त्यांचं जात वैधता प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा जोडला, निवडून आल्यावर सहा महिन्यांत प्रमाणपत्र द्यावं लागेल. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचे दाखले, शौचालयाचा दाखला, अपत्यांबाबतची घोषणा, खर्चासाठी नवं बँक खातं. अपक्ष माणसाचा अर्ज बाद होतो तो बहुधा असल्याच एखाद्या कागदावर, आणि त्याच्या मागे कागद बघणारं कार्यालय नसतं. आघाडीने ते कार्यालय व्हायचं.

२१ नोव्हेंबर

छाननीत आमचे चारही टिकले. प्रभाग ७ 'ब' मधल्या दुसऱ्या एका उमेदवाराचा अर्ज बाद झाला, तो जिल्हा न्यायालयात अपिलात गेला आहे. त्यामुळे त्या जागेची माघारीची मुदत पुढे गेली, बाकीच्या जागांची आज संपली. प्रभाग २ च्या आमच्या ताईंच्या घरी काल रात्री तीन गाड्या येऊन गेल्या. त्यांनी माघार घेतली नाही.

२६ नोव्हेंबर

चिन्हवाटप. एकाला कपबशी, एकाला गॅस सिलिंडर, एकाला छत्री, अण्णांना बॅट. एबी फॉर्म न देण्याची किंमत ही आहे: सामाईक चिन्ह नाही. पक्षाचा कार्यकर्ता एकच चिन्ह सांगून तीन मतं मागतो. आम्हाला प्रत्येक प्रभागात वेगळं पत्रक, वेगळी आठवण. त्यातून सगळ्या जागांचं बटण दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही, हेही समजवायचं. व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) स्थानिक निवडणुकीत नाही, त्यामुळे आपण कुठलं बटण दाबतो ते मतदाराने आधीच पक्कं करून जायला हवं. पुठ्ठ्याची नमुना यंत्रं करून बायकांच्या बचत गटांत फिरवतो आहोत.

हिशेबाची वही नर्सताई स्वतः लिहितात. निवडणूक कार्यालयाने ठरवलेल्या दरपत्रकात चहाचा कप, खुर्ची, रिक्षाचं भाडं सगळ्याचे दर आहेत. कुणी घरून चहा आणला तरी त्या दरपत्रकाच्या दराने तो वहीत चढवतात. आघाडीने छापलेली पत्रकंही उमेदवाराच्या खर्चात, खाली मुद्रक-प्रकाशकाच्या नावासह.

२९ नोव्हेंबर

अपिलाचा निकाल उशिरा लागलेल्या जागांची निवडणूक आयोगाने पुढे ढकलली आहे. प्रभाग ७ 'ब' त्यात आहे. २ तारखेला लोक तिथे नगराध्यक्ष आणि 'अ' जागेसाठी मत देतील, 'ब' साठी २० डिसेंबरला. आणि माघारीची मुदत पुन्हा उघडली, १० डिसेंबरपर्यंत.

अण्णांचा फोन आला. आवाजात थकवा होता. प्रचार जवळजवळ संपत आला होता, आता आणखी तीन आठवडे. पैसे नाहीत, आणि माघारीसाठी येणाऱ्या माणसांना आणखी बारा दिवस मिळाले. मी त्यांना एवढंच म्हटलं की तुम्ही दमला असाल तर प्रभागापुढे सांगा, आघाडीला उत्तर देऊ नका.

२ डिसेंबर

मतदान झालं. बूथवर आमची माणसं सकाळपासून रात्रीपर्यंत होती. दुपारी बातमी आली की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळी मोजणी २१ डिसेंबरलाच करायला सांगितलं आहे. यंत्रं गोदामात सीलबंद. उमेदवारांचे प्रतिनिधी बाहेर थांबू शकतात. प्रभाग २ च्या मुलांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या. ज्यांचा उमेदवार आरक्षणामुळे गेला होता, तीच ही मुलं.

१० डिसेंबर

मुदत दुपारी संपली. अण्णांचं नाव यादीत कायम.

या दिवसांत काय काय झालं ते सगळं इथे लिहिणार नाही. मुलाच्या नोकरीबद्दल बोललं गेलं, भावकीतून दबाव आला. अण्णांनी दर संध्याकाळी मंदिरात येऊन, कुणाचं नाव न घेता, आज काय निरोप आला ते उभं राहून सांगायला सुरुवात केली. दोन-तीन दिवसांत निरोप यायचे थांबले. हे आम्ही सुचवलेलं नव्हतं. पाठिंबा देणाऱ्या पक्षाने आपल्या माणसाला झाकून ठेवायचं, सांभाळायचं, रिसॉर्टवर न्यायचं, अशी आपल्याकडची पद्धत. इथे माणूस लोकांत उघडा उभा राहिला आणि तेच त्याचं संरक्षण झालं.

२१ डिसेंबर

निकाल. प्रभाग ४ मधून नर्सताई आल्या. प्रभाग ७ 'ब' मधून अण्णा आले, थोडक्यात पण स्वच्छ. प्रभाग २ आणि ७ 'अ' मध्ये हरलो. प्रभाग २ च्या ताई दुसऱ्या क्रमांकावर राहिल्या.

गुलाल झाला. पण मोजणी केंद्राच्या दारातच एका पक्षाचा माणूस नर्सताईंचं अभिनंदन करून म्हणाला, "ताई, गट कधी नोंदवायचा?" वकीलदादांनी ऑगस्टमध्ये सांगितलेला महिना सुरू झाला होता.

४ जानेवारी २०२६

कुठल्याच पक्षाला स्पष्ट बहुमत नाही, म्हणून दोन मतांना भाव आहे. कार्यकारिणीत दोन तट पडले. एकांचं म्हणणं, आपण दोघांना घेऊन, आणखी दोन अपक्ष जोडून आपलीच आघाडी नोंदवू, समितीवर जागा मिळेल. कायद्याने हे होऊ शकतं आणि वाईट हेतूनेही कुणी बोलत नव्हतं. पण मग गटनेता आला, व्हीप आला आणि गटनेत्यामागे आमची कार्यकारिणी. मी म्हटलं, हमीपत्र प्रभागाला दिलंय, निर्णयही तिथेच होईल. आघाडीने ठरावसुद्धा करू नये. ठराव केला नाही.

११ जानेवारी

दोन्ही बैठका झाल्या आणि दोन प्रभागांनी दोन वेगळे निर्णय दिले.

प्रभाग ४ ने नर्सताईंना कुठल्याही गटात जाऊ नका म्हणून सांगितलं. समिती मिळाली नाही तरी चालेल, सभागृहात प्रश्न विचारता येतात.

प्रभाग ७ ने अण्णांना दुसऱ्या दोन अपक्षांबरोबर गट नोंदवायला सांगितलं. त्यांना अण्णा पाणीपुरवठा समितीवर हवे आहेत, आणि त्यासाठी संख्या लागते. वरच्या आळीतल्या आजी म्हणाल्या, "समितीवर नाही गेला तर तो नकाशा काय घरी लावायचा आहे का?" मी त्या प्रभागात राहत असते तर विरोधात हात वर केला असता. व्हीपची वाट एकदा उघडली की ती बंद करणं कठीण, असं मला अजूनही वाटतं. बैठकीत मी हे बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि बहुमताने उलट ठरवलं. अण्णांनी एक अट घातली: व्हीप फक्त समित्यांच्या निवडीपुरता, अर्थसंकल्प आणि करांच्या विषयावर मोकळं मत, हे गटाच्या नियमांत लेखी. वकीलदादा ते नियम लिहून देत आहेत.

कार्यकारिणीतून रात्री दोन फोन आले, अण्णांचा पाठिंबा काढा म्हणून. पाठिंबा काढायचं कारण नाही. त्यांनी जे कबूल केलं होतं ते केलं.

पुढची कामं: चौघांचेही खर्चाचे हिशेब निकालापासून तीस दिवसांत, म्हणजे २० जानेवारीच्या आत द्यायचे, हरलेल्या दोघींचेही. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. प्रभाग ७ ची वही अजून जुळायची आहे, दोन मतदानांमुळे रिक्षाची बिलं दोनदा चढली आहेत का ते बघायचं. नर्सताईंच्या जात पडताळणीच्या प्रकरणाचा पाठपुरावा सरांकडे. प्रभाग २ आणि ७ मध्ये फळ्यासाठी भिंत मिळाली, प्रभाग ४ मध्ये शोधतो आहोत. पहिल्या सर्वसाधारण सभेचा अजेंडा आला की त्याच दिवशी झेरॉक्स काढून गल्लीगल्लीत.